मुकी डबी

नागपूरच्या दुकानदारानं काचेवर दोन डब्या ठेवल्या.
एकीच्या पोटात सातशे आवाज,
दुसरीच्या पोटात एकही नाही.
ती फक्त सांगते, म्हणाला,
कुठल्या पॅडवर, किती जोरात, केव्हा.
आवाज काढायचा तो कॉम्प्युटरनं.
"म्हणजे चुगलीखोर," मी म्हणालो.
तो हसला नाही. त्याला जेवायला जायचं होतं.

वडशाला परतताना एसटीत
मांडीवर बोटं वाजवत राहिलो.
धान कापलेल्या बांध्या, त्यात अर्धे उभे मंडप.
दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या रात्री त्यांच्या.
मी ऑक्टोपॅडवाला. हँडबिलावर माझा फोटो नसतो,
पण दार मी आपटतो, वीज मी पाडतो,
आणि थप्पड:
डाकराम हात फिरवतो गालापासून वीतभर लांबून,
लागते ती माझ्याकडून.

मागच्या हंगामात जुन्या पॅडचं डोकं गेलं.
मुखरूच्या भाच्यानं, प्रज्योतनं,
कुणाची तरी उसनी डबी लॅपटॉपला जोडून दिली.
नवरगावात, तिसऱ्या अंकात,
थप्पड आधी, आवाज मागून.
विभाताई गाल धरून रडत होती
आणि अख्खा मंडप हसत होता.
आत आल्यावर ती काही बोलली नाही.
माझ्या काठ्यांकडे पाहिलं फक्त.

"बफर कमी करू ना मामा."
कमी केलं,
तर ढोल ओल्या पोत्यासारखा फाटला.

आमचा स्टेज म्हणजे तेलाच्या ड्रमांवर फळ्या.
नाचणारी पोर उडी मारते, फळी उडते,
पॅडला वाटतं, मीच मारलं.
ऐन प्रेमाच्या प्रसंगात वीज पडली एकदा.
प्रज्योतनं थ्रेशोल्ड वाढवला, वीज थांबली,
पण माझं हळू वाजवणंही गेलं त्यासोबत,
आई मरते तिथलं, काठीच्या टोकानं,
जे मलाही पुरतं ऐकू येत नाही.
किती हळू म्हणजे काहीच नाही
हे ठरवायला एक बटन असतं,
आणि ते फिरवणारा एकोणीस वर्षांचा.

एका पॅडला मारलं की शेजारचं ओरडायचं.
"आपल्या टोलीसारखंच आहे हे," मुखरू म्हणाला,
ऑर्गनवरचं दव पुसत.
"सातशे आवाजाची घे ना गा. लाइन गेली त
जनरेटरवर चालते. लॅपटॉप रुसते."
खरं होतं त्याचं. पैशाचंही खरं होतं.
मी त्या सातशेतले दीडशे ऐकले होते दुकानात.
दार होतं, पण कुठल्यातरी काचेच्या घराचं.
थप्पड होती,
टाळीसारखी स्वच्छ.

मग एका दुपारी, तालमीच्या खोलीत,
विभाताईनं प्रज्योतचा माइक स्वतः खुर्चीवर ठेवला.
"डाकराम, ये इकडे. गाल दे."
तो हसत आला.
पहिली पंख्याच्या आवाजात बुडाली.
पंखा बंद केला.
दुसरीला बाहेर बकरी ओरडली.
तिसरी बरी होती, मी म्हणालोही तसं,
"नाही, अजून एक," ती म्हणाली.
अकरा झाल्या.
डाकरामनं अकराव्यानंतर पाणी मागितलं.

मी मुकी डबी घेतली.
चौथ्या पॅडला ती अकरावी बांधली.
लाइन जाते. लॅपटॉप रुसतो. मुखरू माझ्याकडे
'मी म्हटलं नव्हतं का' असं पाहतो
आणि चालू प्रसंगात ऑर्गनवर काहीतरी लांबवत राहतो.
उशीर अजून आहे. प्रज्योत त्याचा आकडा सांगतो,
सेकंदाचा एवढासा कण.
मी आता आकड्याकडे बघत नाही,
डाकरामच्या खांद्याकडे बघतो.
खांदा हलला की मारतो, हात पोचायच्या आधी.

थप्पड बसते.
मंडप गप्प होतो.
विभाताई गाल धरते,
पण दर रात्री
डोळे मिटतो तो डाकराम.